गोळ्या बंद करण्याआधी: गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर मानसिक आजाराची औषधं

पाळी चुकली, पट्टीवर दोन रेघा उमटल्या, आणि त्याच संध्याकाळी मानसिक आजाराच्या गोळ्या कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात गेल्या. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात हे सर्रास होतं. कुणी सासूबाईंच्या सांगण्यावरून बंद करतं, कुणी मेडिकलवाल्याच्या, कुणी कुणालाच न विचारता. बाळाला काही होऊ नये हाच सगळ्यांचा हेतू असतो. पण त्या घाईचा फटका पुष्कळदा आईला बसतो, आणि आईमागोमाग बाळालाही.

डॉक्टरांना विचारायचंच आहे, त्यात वाद नाही. पण ओपीडीत मिळतात दहा मिनिटं. कुठल्या गोळीची भीती खरी आणि कुठल्या गोळीची उगाच, काय विचारायचं, कुठली रक्ततपासणी मागायची, हे आधी ठाऊक असेल तर त्या दहा मिनिटांचं चीज होतं. माझं सांगणं थोडक्यात असं: औषधाचा निर्णय दिवस राहण्याच्या आधी करायचा. दिवस राहिल्यावर मनानं काही बंद करायचं नाही. आणि ठरलेलं सगळं कागदावर लिहून तो कागद बाईसोबत माहेरी पाठवायचा.

बंद केलं तर काय होतं याचे आकडे उपलब्ध आहेत. २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, औषधावर नैराश्य आटोक्यात असलेल्या ज्या गरोदर बायकांनी गोळ्या थांबवल्या, त्यांतल्या १०० पैकी ६८ जणींचा आजार गरोदरपणातच उलटला. चालू ठेवणाऱ्यांत हेच प्रमाण २६ होतं. बायपोलर आजाराचा, म्हणजे कधी अतिउत्साह तर कधी नैराश्य अशा आजाराचा, तसाच अभ्यास २००७ मध्ये आला: थांबवणाऱ्यांत सुमारे ८५, चालू ठेवणाऱ्यांत ३७. या बायका मोठ्या दवाखान्यांत आलेल्या, मुळात जास्त आजारी असलेल्या होत्या, त्यामुळे हेच प्रमाण प्रत्येकीला लागू होईल असं नाही. तरी कल कुठे आहे ते दिसतं. आजार उलटला की खाणं कमी होतं, झोप जाते, तपासण्या चुकतात, लोहाच्या गोळ्या राहतात, बाळ दिवसांआधी किंवा कमी वजनाचं होण्याचा धोका वाढतो. म्हणजे गोळी न घेणं हीसुद्धा पोटातल्या बाळावर परिणाम करणारी गोष्ट आहे. आणखी एक आकडा मनात असू द्या: कुठलंही औषध न घेतलेल्या आयांच्याही १०० बाळांपैकी दोन ते तीन बाळांत जन्मतः मोठं व्यंग आढळतं. कुठल्याही औषधाचा धोका या पायावर मोजायचा.

पहिल्यांदा हे नाव शोधा

घरातलं गोळ्यांचं पाकीट घ्या आणि मोठ्या अक्षरातलं कंपनीचं नाव सोडून त्याखालचं बारीक अक्षर वाचा. सोडियम व्हॅल्प्रोएट, व्हॅल्प्रोइक अ‍ॅसिड किंवा डायव्हॅल्प्रोएक्स, यांपैकी काही लिहिलं असेल तर हा लेख बाजूला ठेवून आधी डॉक्टरांची वेळ घ्या. एन्कोरेट, व्हॅल्पारिन, डायकोरेट ही त्याच औषधाची दुकानातली नावं. फिट, बायपोलर, चिडचिड आणि अर्धशिशी अशा सगळ्यांसाठी ते दिलं जातं, त्यामुळे 'आमची मुलगी काही वेडी नाही, तिला डोकेदुखीच्या गोळ्या आहेत' अशा घरातही ते सापडतं.

मानसिक आजाराच्या औषधांत पोटातल्या बाळाला सगळ्यात जास्त इजा करणारं औषध हेच. पहिल्या तीन महिन्यांत घेतलं गेलं तर १०० पैकी सुमारे १० बाळांना मोठं व्यंग होतं: पाठीचा कणा उघडा राहणं, हृदयाला छिद्र, टाळू फाटलेली. त्याहून मोठा आकडा नंतर कळतो. अशा १०० मुलांपैकी ३० ते ४० मुलं बोलायला, चालायला, शिकायला मागे पडतात आणि स्वमग्नतेचं प्रमाणही वाढतं. मात्रा वाढेल तसा धोका वाढतो, पण अमुक मात्रेखाली धोका नाही असं म्हणता येत नाही.

गर्भधारणेनंतर २८ दिवसांच्या आसपास बाळाच्या मज्जारज्जूची नळी बंद होते. पाळी नियमित असेल तर हा दिवस पाळी चुकल्यानंतर जेमतेम दोन आठवड्यांनी येतो. आशाताई नाव नोंदवून तायी कार्ड (कर्नाटकातलं गरोदर बाईच्या नोंदींचं कार्ड) हातात देतात तोवर तो दिवस बहुधा उलटून गेलेला असतो. म्हणून 'दिवस राहिले की बंद करू' हा बेत व्हॅल्प्रोएटच्या बाबतीत चालत नाही. लग्न ठरलं की, किंवा मूल हवं असं ठरलं की, त्याआधी काही महिने औषध बदलायला हवं. जुनं हळूहळू उतरवायचं, नवं हळूहळू चढवायचं, मग काही आठवडे तब्येत टिकते का ते पाहायचं. तोवर कॉपर-टीसारखं भरवशाचं साधन वापरायचं.

व्हॅल्प्रोएट चालू असतानाच दिवस राहिले असतील तर? तरीही मनानं एकदम बंद करू नका, विशेषतः फिटसाठी असेल तर. एकदम थांबवल्यावर लागोपाठ फिट येऊ शकतात आणि त्यात आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका असतो. त्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठा. फॉलिक अ‍ॅसिडची ५ मिलिग्रॅमची गोळी लगेच सुरू करण्याबद्दल विचारा. सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि फक्त ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. दहा लाल गोळ्या खाऊन ५ मिलिग्रॅम भरून काढायला जाल तर लोहाची विषबाधा होईल; ५ मिलिग्रॅमची गोळी वेगळी मिळते. ती घेतली म्हणून व्हॅल्प्रोएटचा धोका पुसला जात नाही, हेही ध्यानात असू द्या. बाळाचे अवयव बारकाईने पाहणारी सोनोग्राफी १८ ते २० आठवड्यांत झालीच पाहिजे, आणि करणाऱ्याला हे औषध चालू होतं असं स्पष्ट सांगायचं, म्हणजे कणा आणि हृदय नीट पाहिलं जातं.

फिट आणि बायपोलरवर दिल्या जाणाऱ्या कार्बामाझेपिननेही मज्जारज्जूच्या व्यंगाचा धोका वाढतो, व्हॅल्प्रोएटइतका नाही. पण त्याची वेगळी भानगड अशी की गर्भनिरोधक गोळ्यांचा असर ते कमी करतं. गोळी चालू असताना दिवस राहिले, असं त्यामुळे घडतं.

लिथियम आणि बाळंतिणीचं पाणी

बायपोलरवर दिल्या जाणाऱ्या लिथियमबद्दल भीती जरा जास्तच पसरलेली आहे. हृदयाच्या व्यंगाचा धोका वाढतो हे खरं. २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासात औषध न घेतलेल्यांत १०० ला साधारण एक आणि घेतलेल्यांत १०० ला दोनच्या थोडं वर असं प्रमाण निघालं. दिवसाला ९०० मिलिग्रॅमच्या वर, म्हणजे ३०० च्या तीन गोळ्यांहून जास्त घेणाऱ्यांत ते बिनऔषधाच्या तिप्पट होतं. ज्या बाईला दुसरं काही लागूच पडत नाही, जिचे झटके भयंकर असतात, तिच्यासाठी डॉक्टर विचार करून ते चालू ठेवतात आणि ते योग्यही असतं. १८ ते २२ आठवड्यांत बाळाच्या हृदयाची इको तपासणी करून घ्यायची.

लिथियम अडचणीत आणतं ते मुख्यतः रक्तातल्या पातळीच्या चढउतारामुळे. गरोदरपणात मूत्रपिंडं जोरात काम करतात आणि औषध बाहेर टाकतात. पहिल्या तिमाहीत पातळी पाव हिश्श्याने, दुसऱ्या तिमाहीत तिसऱ्या हिश्श्याने उतरते. गोळ्या तेवढ्याच घेऊनही आजार डोकं वर काढतो तो यामुळे. म्हणून ३४ आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी आणि पुढे दर आठवड्याला रक्त तपासायचं. रक्त द्यायचं ते शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी: रात्री नऊला गोळी, सकाळी नऊला रक्त, आणि सकाळची गोळी रक्त दिल्यानंतर. गोळी खाऊन लॅबमध्ये गेलात तर आकडा खोटा वर दिसतो आणि डॉक्टर मात्रा चुकीची कमी करतात.

बाळंत झाल्यावर गाडी उलट फिरते. मूत्रपिंडांचा वेग पुन्हा पूर्वीवर येतो आणि वाढवलेली मात्रा आता जास्त होते. नेमक्या याच दिवसांत आपल्याकडे बाळंतिणीला पाणी मोजून देतात, जेवण अळणी ठेवतात, खोलीत शेगडी आणि अंगाला शेक. लिथियम घेणाऱ्या बाईला हे थेट घातक आहे. पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं. हात थरथरणं, जुलाब, उलट्या, चालताना तोल जाणं, जीभ जड होणं ही विषबाधेची लक्षणं आहेत, आणि 'बाळंतपणाचा अशक्तपणा' म्हणून दोन दिवस वाया जातात. शेक-शेगडीवरून आईशी किंवा सासूबाईंशी भांडत बसण्याची गरज नाही. शेक हलका घ्या. पण पाणी तहानेइतकं आणि मीठ नेहमीइतकं, यावर तडजोड नको.

सिझर झालेलं असेल तर आणखी एक गोष्ट. टाके दुखू नयेत म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन सर्रास दिलं जातं, आणि ही दोन्ही लिथियमची पातळी वाढवतात. प्रसूतीच्या खोलीतल्या सिस्टरना लिथियम चालू आहे हे माहीतच नसतं. पॅरासिटामॉल चालतं. कळा सुरू झाल्या की लिथियम थांबवायचं, सलाईनने पाणी राखायचं, पातळी पाहून पुन्हा कधी आणि कितीवर सुरू करायचं हे आधीच लिहून ठेवायचं. लिथियम दुधात बऱ्यापैकी उतरतं. त्यामुळे बाळाला वरचं दूध द्यावं असं बहुतेक डॉक्टर सुचवतात. अंगावर पाजायचंच असेल तर बाळाचं रक्त तपासत राहण्याची तयारी हवी.

नैराश्याच्या गोळ्या, आणि त्यांतलं लपलेलं दुसरं औषध

सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम, फ्लुओक्सेटिन या गोळ्या जगभर लाखो गरोदर बायकांनी घेतलेल्या आहेत. व्यंगाचा धोका मुळातल्या दोन-तीन टक्क्यांहून फारसा वेगळा दिसत नाही. पॅरोक्सेटिनबाबत हृदयाच्या व्यंगाची थोडी शंका आहे, म्हणून नव्याने ते सुरू करत नाहीत. शेवटच्या महिन्यांत घेतल्यास नवजात बाळाच्या फुप्फुसातला रक्तदाब वाढण्याचा एक आजार हजारात दोनऐवजी तीन बाळांना होतो. जन्मल्यावर पहिले काही दिवस बाळ चिडचिडं, थरथरतं, नीट न पिणारं असू शकतं. तीनांत एखाद्या बाळाला असं होतं आणि एक-दोन आठवड्यांत आपोआप निवळतं. त्यासाठी गोळी बंद करायची नसते. जन्मानंतर दोन दिवस बाळ दवाखान्यातच राहावं, एवढं पाहावं.

आता सगळ्यात मोठी गफलत. पहिल्यांदाच औषध सुरू करायचं असेल तर बहुतेक डॉक्टर सर्ट्रालिन निवडतात. पण जिला एस्सिटालोप्रामने वर्षभर बरं वाटतंय तिचं औषध केवळ गरोदर आहे म्हणून सर्ट्रालिनवर बदलणं मला पटत नाही. बदल म्हणजे बाळाचा दोन औषधांशी संबंध, आणि शिवाय आजार उलटण्याची संधी. लागू पडलेलं एकच औषध, लागू पडणाऱ्या मात्रेत, हा नियम. भीतीपोटी अर्धी गोळी घेत राहणं सगळ्यात वाईट: औषध बाळापर्यंत पोचतं आणि आईचा आजारही तसाच राहतो.

आपल्या दुकानांत मिळणाऱ्या बऱ्याच गोळ्यांच्या नावापुढे 'प्लस' असतं. नेक्सिटो प्लस म्हणजे एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकत्र. इटिझोला प्लस म्हणजे इटिझोलाम आणि एस्सिटालोप्राम. म्हणजे बाई समजते की नैराश्याची एक गोळी घेतेय, आणि प्रत्यक्षात गुंगीचं औषधही रोज जात असतं. बाळंतपणाच्या तोंडावर हे औषध चालू असेल तर बाळ लुळं, झोपाळू, दूध ओढायला कमजोर आणि श्वासाला मंद होऊ शकतं. आधीच मोजून कमी करून घ्या. वर्षानुवर्षं घेतलेलं क्लोनाझेपाम एका दिवसात बंद केलं तर आईला फिट येऊ शकते, म्हणून काही आठवड्यांत पायरीपायरीने उतरवायचं. दोन औषधं वेगळ्या गोळ्यांत लिहून मागा, म्हणजे एक तसंच ठेवून दुसरं कमी करता येतं. एकत्र गोळी अर्धी केली की दोन्ही अर्धी होतात.

फिट आणि बायपोलरवर दिल्या जाणाऱ्या लॅमोट्रिजिनबाबत दोन गोष्टी. गरोदरपणात त्याची पातळी उतरते म्हणून मात्रा वाढवावी लागते, आणि बाळंत झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत ती परत खाली आणावी लागते, नाहीतर चक्कर येते, एकाचे दोन दिसतात, तोल जातो. आणि गोळ्या पाच दिवसांहून जास्त चुकल्या तर जुन्या मात्रेने परत सुरू करायच्या नाहीत. अंगावर गंभीर पुरळ येण्याचा धोका असतो. पाकीट सासरी विसरलं आणि आठवडाभराने मिळालं, तर आधी डॉक्टरांना फोन.

भ्रम-भासांवर आणि बायपोलरवर दिल्या जाणाऱ्या ओलांझापिन, क्वेटियापिन यांनी वजन आणि साखर वाढते. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी घेतलेलं रक्त १४० च्या आत हवं. ही तपासणी नाव नोंदवतानाच एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा करायची. हॅलोपेरिडॉल किंवा रिस्पेरिडोन घेणाऱ्या बाईला उलट्यांसाठी मेटोक्लोप्रामाइड देऊ नये, मान आणि जबडा आखडतो. रिस्पेरिडोनमुळे पाळी लांबलेली बाई दुसऱ्या औषधावर गेली की पाळी परत सुरू होते आणि अनपेक्षित दिवस राहतात. बदल करतानाच हे बोलून घ्या.

सातव्या महिन्यात सीमा ओलांडताना

ओटी भरली की मुलगी माहेरी जाते, आणि आपल्या भागात माहेर पुष्कळदा चंदगडला, गडहिंग्लजला, आजऱ्याला किंवा कोल्हापुराकडे असतं. सासरचा दवाखाना कर्नाटकातला, तायी कार्ड कन्नडमध्ये, माहेरचा दवाखाना महाराष्ट्रातला. कोल्हापूरच्या प्रसूतीच्या डॉक्टरला कन्नड कार्ड वाचता येत नाही, आणि बेळगावातल्या मानसोपचार तज्ज्ञाला बाळंतपण कुठे झालं हे महिनाभर कळत नाही. त्यातच सासरी आजार सांगितलेला नसेल तर गोळ्या लपून घ्याव्या लागतात, आणि लपवलेल्या गोळ्या पहिल्यांदा चुकतात त्या प्रवासात. लग्नाआधी सांगितलं असतं तर बरं, हे नंतर म्हणून उपयोग नसतो. निदान नवऱ्याला आणि आईला, अशा दोघांना, पूर्ण माहिती हवीच.

माहेरी निघण्याआधी मानसोपचार तज्ज्ञांकडून एक पान लिहून घ्या. त्यावर आजाराचं नाव, औषधाचं मूळ नाव इंग्रजी ठळक अक्षरांत, कारण दुसऱ्या गावात त्याच कंपनीची गोळी मिळेलच असं नाही, सकाळ-रात्रीची मात्रा, कळा सुरू झाल्यावर काय थांबवायचं, बाळंत झाल्यावर पहिल्या दिवशी काय सुरू करायचं, कुठली वेदनाशामकं चालणार नाहीत, अंगावर पाजायचं की नाही, आजार उलटायला लागला की या बाईत पहिलं चिन्ह काय दिसतं, आणि डॉक्टरांचा फोन. सिझरनंतर ट्रॅमाडॉल सहज दिलं जातं आणि ते नैराश्याच्या गोळ्यांसोबत त्रास देतं, म्हणून तेही त्या पानावर. दूध आटवायची वेळ आली तर ब्रोमोक्रिप्टिन किंवा कॅबरगोलिन मानसिक आजार भडकवू शकतं, म्हणून तेही. पानाचा आणि पाकिटांच्या मागच्या बाजूचा फोटो दोघांच्या फोनमध्ये ठेवा. महिनाभराच्या गोळ्या जादा न्या. प्रसूती जिथे ठरवाल तिथे बाळांचे डॉक्टर रात्रीही असावेत.

पाचवीची रात्र

ज्या बाईला बायपोलर आजार आहे, तिला बाळंतपणानंतरचे पहिले दोन आठवडे उभ्या आयुष्यातले सगळ्यात जोखमीचे. एरवी हजार बाळंतपणांत एक-दोघींना होणारा बाळंतवेड नावाचा तीव्र झटका बायपोलर असलेल्यांत साधारण पाचांत एकीला येतो, आणि मागच्या बाळंतपणात येऊन गेला असेल तर तिघींत एकीला किंवा त्याहून जास्त. तो येतो तिसऱ्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान. पाचवीची पूजा आणि तिचं जागरण नेमकं त्यातच. घर पाहुण्यांनी भरलेलं, दिवा तेवत ठेवायचा, बाळंतीण रात्रभर बसलेली. झोप मोडणं हे बायपोलर उसळण्याचं सगळ्यात हुकमी कारण आहे. सटवाईची पूजा जरूर करा, जागरण घरातल्या बाकीच्यांनी करावं. बाळंतिणीने गोळी घेऊन दहा वाजता झोपावं.

रोज रात्री सलग पाच-सहा तास झोप ही औषधाइतकीच गरजेची. रात्रीचं एक पाजणं दुसऱ्या कुणीतरी करायचं: संध्याकाळी स्वच्छ उकळलेल्या वाटीत दूध काढून ठेवा, बाहेर ते चार तास टिकतं, फ्रिजमध्ये २४ तास, आणि वाटी-चमच्याने पाजा. गुंगी आणणारी गोळी घेणाऱ्या आईने बाळाला कुशीत घेऊन झोपू नये. हाताच्या अंतरावर वेगळं अंथरूण किंवा पाळणा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणं, हळवं होणं हे निम्म्याहून जास्त बायकांना होतं आणि दोन आठवड्यांत जातं. दोन आठवड्यांनंतरही उदासी, बाळात मन न रमणं, बाळ झोपलं तरी झोप न येणं राहिलं तर ते नैराश्य समजून दाखवायचं. भारतातल्या अभ्यासांच्या २०१७ च्या एका एकत्रित आढाव्यात हे प्रमाण १०० ला २२ निघालं होतं. सोबत हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. बाळंतपणानंतर बिघडलेलं थायरॉइड हुबेहूब तसंच दिसतं.

बाळंतवेड वेगळं. झोप लागतच नाही आणि तिची गरजही वाटत नाही. बोलणं सुसाट किंवा एकदम बंद. कधी भानावर, कधी भलतंच. घरातले विष घालतायत असा संशय. बाळ आपलं नाही, बाळात देव आलाय किंवा सैतान आलाय असं बोलणं. घरच्यांना ती बाहेरची बाधा वाटते आणि देवऋषी शोधला जातो. अंगारा लावायचा तर लावा, पण गाडी दवाखान्याकडे त्याच दिवशी निघाली पाहिजे. आई आणि बाळाला क्षणभरही एकटं सोडायचं नाही. यात काही तासांत आईच्या आणि बाळाच्या जिवावर बेतू शकतं, आणि वेळेत उपचार मिळाले तर बहुतेक बाया पूर्ण बऱ्या होतात. औषधांनी लवकर आवरलं नाही तर विजेचे उपचार सुचवले जातात. ते घाबरण्यासारखे नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने ते भूल देऊनच द्यावे लागतात, आणि त्या काळात दूध पाजता येतं.

कुठे जायचं? बेळगावात बिम्सचं सिव्हिल हॉस्पिटल, धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्य संस्था, कोल्हापुराकडच्यांना सीपीआर हे सरकारी रुग्णालय, खानापूरच्या रानाकडच्या आणि कारवारच्या लोकांना गोव्यातलं बांबोळीचं सरकारी रुग्णालय. बंगळूरच्या निम्हान्समध्ये आई आणि बाळाला एकत्र दाखल करणारा वेगळा विभाग २००९ पासून आहे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यांत मनोचैतन्य योजनेखाली ठरावीक मंगळवारी मानसोपचार तज्ज्ञ येतात. वार बदलू शकतो, आशाताईंना विचारून निघा. रात्री-अपरात्री १४४१६ या टेलि-मानसच्या फोनवर मोफत बोलता येतं, भाषा निवडता येते. रुग्णवाहिकेसाठी १०८ सीमेच्या दोन्ही बाजूंना. दाखल करताना बाळ घरी ठेवा असं कुणी सांगितलं तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं २१वं कलम दाखवा: तीन वर्षांखालचं मूल आईपासून सहसा वेगळं करता येत नाही, आणि बाळाला धोका असल्यामुळे करावं लागलं तर दर पंधरा दिवसांनी त्याचा फेरविचार करावा लागतो.

दूध, काढा आणि पुढचं वर्ष

सर्ट्रालिन दुधात इतकं कमी उतरतं की बहुतेक बाळांच्या रक्तात ते सापडतही नाही. आईच्या वजनाच्या हिशेबाने मिळणाऱ्या मात्रेच्या १० टक्क्यांहून कमी औषध बाळाला जात असेल तर सहसा पाजायला हरकत नसते, आणि नैराश्याच्या बहुतेक गोळ्या, क्वेटियापिन, ओलांझापिन त्यात बसतात. क्लोझापिन असेल तर पाजू नये. बाळ दिवसांआधी जन्मलेलं, अशक्त किंवा कावीळ झालेलं असेल तर हिशेब बदलतो, बाळाच्या डॉक्टरांना विचारा. बाळ उठवूनही पीत नसेल, सारखं पेंगत असेल, वजन वाढत नसेल तर त्याच दिवशी दाखवायचं. पॅसिटेन, म्हणजे ट्रायहेक्सिफेनिडिल, हातपाय आखडू नयेत म्हणून जोडीला दिलेलं असतं. ते दूध कमी करू शकतं, गरज उरली आहे का ते विचारून घ्या.

दशमूलारिष्टासारख्या बाळंतकाढ्यांत आंबवल्यामुळे अल्कोहोल तयार झालेलं असतं. गुंगीच्या गोळ्यांसोबत ते नको. डिंकाचे लाडू, अळीव, शेपा यांचं औषधांशी काही वाकडं नाही, खुशाल खा.

बरं वाटायला लागलं की गोळ्या सोडायची घाई पुन्हा सुरू होते. पहिल्यांदाच आलेल्या नैराश्यात पूर्ण बरं वाटल्यानंतर निदान सहा महिने औषध चालू ठेवतात, मग हळूहळू उतरवतात. बायपोलरमध्ये त्याहून पुष्कळ जास्त. याच काळात पाळणा लांबवण्याचं साधन ठरवून टाका. कॉपर-टी प्रसूतीनंतर ४८ तासांत सरकारी दवाखान्यात बसवता येते आणि कुठल्याही मानसिक औषधाशी तिचा संबंध येत नाही. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या लॅमोट्रिजिनची पातळी पाडतात, आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत त्या एरवीही घ्यायच्या नसतात. ते माहेरी नेलेलं पान टाकू नका. कुठल्या आठवड्यात कुठली मात्रा लागली, रक्तातली पातळी किती होती, आजार कितव्या दिवशी डोकावला, कशाने उतरला, हे त्याच्याच मागे लिहून तायी कार्डासोबत ठेवा. पुढच्या खेपेला डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील.